छत तपासणीची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. जाड खाकी पुठ्ठा, लाल नाडी आणि पोटात अकरा कागद. माझा जन्म नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात झाला. एका इंजिनिअरने शाळेची चार नंबरची खोली तपासली आणि स्वच्छ अक्षरात लिहिले, 'तुळई कुजली आहे. खोली वापरू नये.' मी चार टेबलांवर फिरले. सगळ्यांनी अहवालाचे कौतुक केले, सह्या ठोकल्या आणि मला पुढे ढकलले. मग नऊ वर्षे मी कपाटात धूळ खात पडले. त्या खोलीत मुले रोज बसत होती. फाईलला तोंड नसते, याचा मला फार राग येई.

एक दिवस शिवणकाम करणारी एक बाई कार्यालयात आली. तिच्या मुलीच्या वहीवर छताचा चुरा पडत होता. तिच्या माहिती अधिकाराच्या अर्जात एकच ओळ होती, 'चार नंबरच्या खोलीचे छत धोकादायक आहे का?'

"बाई, हा प्रश्न झाला," कारकून म्हणाला. "आम्ही असलेला कागद देतो, मत देत नाही."

"मग कोणता कागद मागू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

तिने बघितले. दुसऱ्या अर्जात तिने छत तपासणीचा अहवाल मागितला. महिन्याने उत्तर आले, 'सापडत नाही.' मी तर कारकुनाच्या पाठीमागेच होते!

बाई हटली नाही. तिसऱ्या अर्जात तिने फायलींची नोंदवहीच पाहायला मागितली. टेबलाशी बसून तिने पान न् पान चाळले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"ही बघा. कपाट सात, खण तीन. शोधून देता, की वरच्या साहेबांकडे अपील करू?"

कारकून चष्मा पुसत बसला. शिपाईकाका मात्र शिडी घेऊन आले. "माझी नातही त्याच शाळेत आहे," ते म्हणाले.

त्याच दुपारी अहवालाची नक्कल मुख्याध्यापिकेच्या हातात पडली आणि खोलीला कुलूप लागले. तीन आठवड्यांनी मजूर तुळई उतरवायला गेले, तर हात लावताच ती कोसळली. खाली एकही बाक नव्हता.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण नुसते जपू नका. खाते, वर्ष आणि कागदाचे नाव लिहून आम्हाला मागा, अर्जाची पोच घ्या आणि नाही म्हटले तर पुन्हा जा. माझ्या खणात अजून चाळीस फायली आहेत. त्यांतल्या एखादीत तुमच्या वर्गाचे छत असेल.