पहिलं पाणी देवाचं

नळ आधी घुरघुरला, मग म्हाताऱ्यासारखा खोकला, आणि तानुबाईने सगळ्यांच्या हंड्यांमधून आपला तांब्या पुढे खुपसला.

"पहिलं पानी देवाचं! सरका गं."

"घ्या बाई," भागीबाई म्हणाली. "तुमचा देव लयच तहानलेला. आमचा बिचारा दुसऱ्या पान्यावर भागवतो."

बायका हसल्या. दिंडोरीकडून लग्न होऊन अंबडच्या या वस्तीत आल्यापासून पहिला तांब्या तानुबाईचाच. आयुष्यात दुसरा कुठला मान तिच्या वाट्याला आला नव्हता, म्हणून हा ती सोडत नसे. वस्तीला पाणी सोडायचं काम पालिकेकडून खासगी कंपनीकडे गेल्यापासून ते जरा पिवळट यायचं, वासही मारायचा. तिने पदरातून गाळून घेतलं. गढूळ झाली म्हणून गंगा बाटते थोडीच? आणि नाशकात गोदावरी म्हणजे गंगाच, नळालाही तीच येते.

घरी सून पल्लवी पातेलंभर पाणी खळखळा उकळत होती. गल्लीत मुलांना हगवण लागल्यापासून तिने हाच नेम धरला होता. मागच्या आठवड्यात चिमणाबाईचा नातू दवाखान्यातून कापडात गुंडाळूनच घरी आला होता.

तानुबाईने पूजा केली, तुळशीचं पान टाकलं आणि नातीच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. चार वर्षांच्या यशश्रीने ते सुर्रकन ओढलं आणि ओला हात आजीसारखाच डोक्यावरून फिरवला.

दोन दिवसांनी पोर सकाळपासून पिचकारीसारखे जुलाब करू लागली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. तिचा बाप किशोर कारखान्यात होता. सासू-सुनेने रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. तिथे एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. सलाईनसाठी शीर सापडेना. यशश्री रडत नव्हती, आणि त्याचीच तानुबाईला जास्त धास्ती वाटत होती.

"पाणी कुठलं पाजता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उकळलेलंच, मॅडम," पल्लवी म्हणाली. "देवाशप्पथ."

तानुबाई उठून फाटकाबाहेर आली.

तिथे गोविंद चहा विकत होता. पूर्वी वस्तीचं पाणी तोच सोडायचा. कंपनी आली आणि त्याची नोकरी गेली.

"गोविंदा, ह्ये पानी आसं का रे नासलं?"

"मावशी, नळ दिवसभर कोरडा राहिला की फुटक्या पाइपात गटार शिरतं. पहिली धार त्याचीच. मी ती आधी नाल्यात सोडायचो. तुम्हीच शिव्या द्यायच्या मला, पानी सांडतो म्हणून! कंपनीला ते परवडत नाही. तिला प्रत्येक थेंब मीटरमधून हवा."

"पहिली धार," तानुबाई पुटपुटली. चहा तिच्या हातात तसाच निवला.

आत आल्यावर खाटेशी उभी राहून ती म्हणाली, "पल्लवी... तीर्थाचं पानी मी उकळत न्हवते. देवाचं पानी कोन उकळतं गं?"

पल्लवीने यशश्रीचा हात सासूजवळून आपल्याकडे ओढून घेतला.

पोर वाचली. घरी आली तेव्हा काखेतल्या कापडाच्या बाहुलीपेक्षा जड नव्हती.

दुसऱ्या दिवशी नळ खोकला. बायकांनी सवयीने वाट दिली. तानुबाईने तांब्या पुढे केला नाही. धार नुसती वाहू दिली.

"अवो, मीटर पळतंय!" भागीबाई ओरडली.

"पळू दे."

चिमणाबाई पुढे झाली आणि कुणी नळाला हंडा लावू नये म्हणून तिच्या शेजारी उभी राहिली.

घरी तानुबाईने पल्लवीच्या पातेल्यातलं पाणी घेऊन देवाला अंघोळ घातली. यशश्री येऊन बसली, काडीसारखा हात पुढे केला. चुलीपाशी पल्लवीचे हात थांबले.

तानुबाईने पळी भरली, आणि आधी स्वतःच्या तोंडात ओतली. देवाचं तीर्थ तिने जन्मात कधी उष्टं केलं नव्हतं.

"आजी, मला दे ना."

"थांब बाळा."

लहानगा तळहात तसाच पसरलेला होता. तानुबाई पळी धरून बसून राहिली, स्वतःच्या पोटाकडे कान लावून.