सातव्या प्रकरणातली चूक

ताईने सातवं प्रकरण संपवलं, पानं टेबलावर पालथी ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. समोरच्या स्टुलावर धाकटा भाऊ मेणाचा दात कोरत होता. दात केव्हाच झाला होता. हाताला चाळा हवा म्हणून तो कोरतच राहिला होता. शनिवारची दुपार, बाकीचे कारागीर घरी गेले होते.

कवळ्या बनवायच्या या खोलीतच, जेवणाच्या सुट्टीत, चार वर्षं तो कादंबरी लिहीत होता. किशोरांसाठी. तिच्यातला तेरा वर्षांचा मुलगा काळात मागे जातो आणि स्वतःच्याच हातून घडलेली एक गोष्ट घडू देत नाही. दातांतून सवड मिळाली की साहेब अकलेचे तारे तोडतात, अशी कारागीर थट्टा करत. तोही हसण्यावारी नेई. एक वाक्य तोंडातून निघेना म्हणून दोनशे चाळीस पानं लिहिली, हे कुणाला सांगणार?

तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई अकराची. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर दोघं चढले होते. कशावरून तरी जुंपली. त्याने तिला ढकललं आणि मागे न बघता शिडी उतरू लागला. तेवढ्यात धप्प आवाज झाला. ताईचा पाय मोडला तो आखूडच बसला. घरात त्याला कुणी बोललं नाही, आणि तेच त्याला खात राहिलं. कॉलेज संपेपर्यंत त्याने तिची पुस्तकं वाहिली. परगावची चांगली नोकरी चालून आली, तर नको म्हणाला. भाऊ असावा तर असा, असं नातेवाईक म्हणत, आणि त्याची मान आणखी खाली जाई.

आज पानं तिच्या हाती देताना, जमलंय का बघ, एवढंच तो बोलला होता.

"मुलगा वेळेवर पोचतो आणि तिला धरतो," ताई म्हणाली.

"हो."

"पण ढकलणाराही तोच."

"ताई, मला तुला कधीचं..."

"थांब. आधी मला बोलू दे." तिने चष्मा चढवला, पुन्हा काढला. "तू ढकललंस तेव्हा मी पडलेच नव्हते. नुसती टाकीवरच खाली बसले. तू चाललास, म्हणून तुला घाबरवायला काठावर उभी राहिले. पाय घसरला."

त्याचा अंगठा मेणात रुतला.

"आईला का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मार बसेल म्हणून. पुढे तू माझं सगळं करायला लागलास. मला बरं वाटायचं रे." ती खाली बघत राहिली. "नोकरी नाकारलीस, त्या दिवशी सांगणार होते. तुझ्या दारापर्यंत आलेही होते."

त्याने चेपलेला दात बाजूला ठेवला, पानं गोळा करून एकसारखी केली.

निघताना जिन्याच्या तोंडाशी त्याचा हात सवयीने पुढे झाला. ताईने तो पाहिला. मग कठडा धरून एकेक पायरी ती एकटीच उतरू लागली. तो वरच उभा राहिला. पुढे केलेला हात आता कुठे ठेवावा, हे त्याला कळेना.