मानाचं नाव वर

"कुठल्या कॉलेजात आहात?" असं कुणी विचारलं, की मल्लिकार्जुनचं तोंड कडू व्हायचं. औरादला तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. एम.ए. झालेला, पण नोकरीनं हुलकावणीच दिली. तरी गड्यानं नऊ वर्षं दर रविवारी जनवाड्याला जाऊन मेंढरं राखणाऱ्या बाणू आत्तीपुढं, बापाच्या बहिणीपुढं, वही उघडली. रंगावरून, कानावरून, शिंगावरून, चालीवरून मेंढीला काय काय म्हणायचं, असे दोनशे बारा शब्द आत्तीनं त्याला दिले. तिच्या सुनेला, जगदेवीला, त्यातले दहासुद्धा येत नव्हते.

"मी मेल्यावर ह्ये कुणाला कळंल रं?" आत्ती म्हणायची.

"छापून आणतो आत्ती, तुझ्या नावासकट."

लेख झाला, पण छापणार कोण? संशोधनाच्या मासिकांच्या अर्जात संस्थेचं नाव घातल्याबिगर पान पुढं सरकेना. एकदा वैतागून त्यानं दुकानाचंच नाव घातलं, तर लेख दोन दिवसांत परत आला. असं तीनदा झालं.

शेवटी नौबादचे रामाचार्य सर भेटले. निवृत्तीला आलेले प्राध्यापक, देवमाणूस. लेख वाचून त्यांचे डोळे भरले. "माझ्या कॉलेजचं नाव लाव. माझं नाव टाकावंच लागलं तर सगळ्यात शेवटी टाक," म्हणाले.

आणि इथंच आमच्या शहाण्यानं माती खाल्ली. आपल्याकडं लग्नपत्रिका छापायची तर मानाचं माणूस वर, मग घरचे थोरले, आणि आपण तळाला, आपला नम्र म्हणून. दुकानात शेकडो पत्रिका त्यानं अशाच जुळवलेल्या. सर शेवटी? छे, छे, पाप लागंल! सरांना न विचारता त्यानं रामाचार्य वर घातले, मधे बाणूबाई, तळाला स्वतः. तिकडं संशोधनाच्या मासिकांत पहिलं नाव ज्याचं, काम त्याचं समजतात. कॉलेजात बसणाऱ्याला हे चहा पिता पिता कळतं. झेरॉक्सवाल्याला कोण सांगणार?

लेख छापून आला, तो अंक बघून सरांनी कपाळाला हात लावला. संपादकांना दोनदा पत्र लिहिलं. छापलेला क्रम बदलत नाही, असं उत्तर आलं.

"ऱ्हाऊ द्या सर, आत्तीचं नाव तर आलंय," मल्लिकार्जुन म्हणाला.

पुढं कलबुर्गीला विद्वानांची सभा भरली. तिथं ह्या लेखावर कुणी बोलणार म्हटल्यावर मल्लिकार्जुननं आत्तीला नवं इरकल नेसवून नेलं. भाषण कन्नडमधून होतं. आत्तीला कन्नड मराठीएवढंच येतं. आपण दिलेला एकेक शब्द ऐकून बाई खुलली, मान डोलवायला लागली. मग वक्ते म्हणाले, रामाचार्य आणि इतरांनी रानोमाळ हिंडून हे शब्द शोधून काढले.

"इतर कोण रं?"

"आपण, आत्ती."

समोरच्या रांगेतून सर ताडकन उठले. हात जोडून म्हणाले, "हे काम माझं नाही. मागं बसलेल्या त्या बाईंचं आहे, त्यांच्या भाच्याचं आहे."

आणि सभेनं काय करावं? काय हा विनय, म्हणत टाळ्यांचा कडकडाट! कुणीतरी शाल आणून सरांच्याच खांद्यावर टाकली. सर ती काढून आत्तीकडं दाखवायला लागले, तर लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. म्हातारा रडकुंडीला आला, पण ऐकतंय कोण?

परतीच्या बसमध्ये हुमनाबाद आलं.

"त्यो मास्तर चोर न्हाई," आत्ती म्हणाली. "खरं बोलला बिचारा. त्याचं नाव वर कुणी लिवलं?"





खोटं बोलावं असं फार वाटलं त्याला. जीभ वळेना. "मीच, आत्ती. मानाचं माणूस म्हणून."

"व्हय?" ती म्हणाली. "आन् नऊ वर्सं म्या कोण व्हते रं तुजी?"

त्याला रडू आवरेना. आत्तीनं डोक्यावर हात ठेवला नाही.

पुढच्या रविवारी तो वही घेऊन गेलाच. कळपात एक पिलू नवं जन्मलं होतं, एक कान काळा, एक पांढरा. असलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"ह्याला काय म्हणायचं, आत्ती?"

आत्तीनं पिलाकडं बघितलं. शब्द तिच्या ओठावर आलेला त्याला दिसला.

"तुज्या सरांना इचार," ती म्हणाली. रागावली असती तर त्यानं पाय धरले असते. परक्याला रस्ता सांगावा तसं तिनं सांगितलं आणि ती आत गेली.