चिमटा ओगोलाचा, गाडी अपोंडीची

ओगोलाला पुरून चौथा दिवस उजाडला तशी त्याच्या वस्तूंची वाटणी सुरू झाली. अपोंडी मांडीवर त्याचा कोट घेऊन बसली होती. तो कोट कुणी मागत नाही. नवरा गेलेल्या बाईनं तो सांभाळायचा, एखादा दीर आपला कोट तिच्या घरात खुंटीला अडकवीपर्यंत, म्हणजे तिचा नवरा होईपर्यंत. रेडिओ एका चुलत्याला गेला, जाळं दुसऱ्याला गेलं, आणि मग निघाली मोटरसायकल. म्हणजे अर्धी मोटरसायकल. तिठ्यावर ट्रकनं मागून उडवली होती, त्यामुळे मागचं चाक, चासी, इंजिन, सगळ्याचा चेंदा झालेला. पुढचा भाग मात्र तसाच. हँडल, पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरणारा चिमटा, डिस्क ब्रेकचं चाक, दिवा, मीटर, सगळं काल दुकानातून आणल्यासारखं.

"माणूस गेला आणि गाडीचं तोंड बघा कसं हसतंय," एक म्हातारी म्हणाली, आणि तिला कुणी गप्पही केलं नाही, कारण ते खरंच तसं दिसत होतं.

वाटणी करणारा ओबुया म्हातारा म्हणाला, "नवी गाडी ओडुंडोला. सख्खा धाकटा भाऊ आहे. जुनी राहू दे अपोंडीकडं, मासळी वाहते ती तिच्यावर."

पोलिसांनी पाकिटातून दिलेली नव्या गाडीची चावी अपोंडीच्या कमरेच्या गाठीत होती. त्या चावीला ओगोलानं जाळ्याच्या बुचाचा एक तुकडा कोरून लावला होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. चाव्या हरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणूनच दुसरी चावी त्यानं भावाच्या घरी ठेवली होती. "माझं डोकं मला माहीत आहे," म्हणायचा. ती बुचाची चावी वाटणीत टाकायचं अपोंडीच्या मनात आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आता तिची जुनी गाडी. किनाऱ्यावर सकाळी ओमेना सुकते. बोटाएवढी मासळी, पण पोतं भरलं की माणसाएवढं होतं. ते पोतं मागे बांधायचं, वरच्या तिठ्यावरच्या बाजारात विकायचं, आणि परत येताना पीठ, रॉकेल, साबण घेऊन टेकडी उतरायची. बाई मोटरसायकल चालवते म्हणून पहिली दोन वर्षं लोक हसले, मग कंटाळले. चढाला गाडी कुरकुरत का होईना, चढायची. उतार मात्र जिवावर यायचा. पुढचा ड्रम ब्रेक नावापुरता उरला होता, चिमट्यातून तेल गळायचं, आणि अपोंडी दोन्ही पाय जमिनीला घासत खाली यायची. महिन्याला एक चपलांचा जोड त्या टेकडीला वाहायची. एकदा चर्चच्या वळणावर ती पिठासकट आडवी झाली. गुडघा फुटला, त्याचं कुणाला काही नाही. पिठावर सगळ्या गावाच्या कोंबड्या जमल्या, ते मात्र महिनाभर पुरलं लोकांना.

त्या दिवशी ती लंगडत ओडुंडोच्या फाटकाशी गेली. आत गेली नाही. कोट न बदललेली बाई दुसऱ्याच्या अंगणात पाऊल घालत नाही.

"भावजी, त्या गाडीचा पुढचा भाग पडून आहे ना?"

ओडुंडो दात कोरत बाहेर आला. इंजिनाचं जे विकता येईल ते त्यानं केव्हाच विकलं होतं. चिमटा भिंतीला टेकून उभा होता, हँडलवर त्याच्या बायकोच्या ओढण्या वाळत होत्या.

"घेऊन जा, वहिनी. विचारताय काय? दादाचंच आहे ते. अर्ध्या गाडीवर मी काय बसणार, आणि कुठं जाणार?"

इतक्या सहज देईल असं अपोंडीला वाटलं नव्हतं. गेले सहा महिने तो आडून आडून कोटाचं विचारत होता आणि ती आडून आडून नाही म्हणत होती. माणसाबद्दल आपण फार वाईट विचार करतो, असं तिच्या मनात आलं, आणि शरमेनं तिनं दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकावर डबाभर ओमेना ठेवली, निवडलेली, खड्यांशिवायची.

ओसेवे मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे आंब्याचं एक झाड आणि एक लोखंडी पेटी. तो गवताच्या काडीनं माप घ्यायचा. काडी जुन्या चासीच्या नळीत घातली, नखानं खूण केली, मग नव्या चिमट्याच्या दांड्याला लावली, आणि मान हलवली.

"नाही बसत, बाई. नव्याचा दांडा जाड आहे आणि वर बोटभर आखूड आहे. तुझ्या गाडीची मान बारीक आणि लांब."

"मग?"

"मग एकच. तुझ्या जुन्या चिमट्याचा दांडा ठोकून काढायचा, नव्याच्या खालच्या टीमध्ये, म्हणजे चिमट्याचे दोन पाय धरणाऱ्या आडव्या पट्टीत, तापवून बसवायचा. तुझा कणा, त्याचे खांदे. पण एकदा बसला की बसला. परत काढायला गेलीस तर टी तडकेल."

"परत कशाला काढीन?"

"नवऱ्याचं काय, कुणी सांगावं, उठून मागायला आला तर."

"आला तर आधी ब्रेक बघेल," अपोंडी म्हणाली. दोघंही हसली.

दोन दिवस लागले. बेअरिंगच्या गोळ्यांच्या वाट्या जुन्याच वापरल्या, पत्र्याची एक चकती कापून मधली फट भरली. सगळं बसल्यावर ओसेवे हात पुसत म्हणाला, "चावीचं कुलूप या नव्या भागातच आहे. जुनं तुझं कुलूप याला लावून देऊ? तासाभराचं काम."

अपोंडीनं कमरेची गाठ सोडली. बुचाचा तुकडा तळहातावर धरला. त्यावर ओगोलानं चाकूनं मासा कोरला होता. मासा कसला, कुत्र्यासारखा दिसायचा.

"राहू दे. ही चावी लागते ना? हीच राहू दे."

ओसेवेनं तिच्याकडे पाहिलं, आणि पुढं काही बोलला नाही. पुढं तो म्हणायचा की त्या दिवशी आपण बोलायला हवं होतं. पण बोलून काय झालं असतं, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी ती टेकडी उतरली. चर्चच्या वळणावर उजव्या हाताची दोन बोटं नुसती मिटली आणि गाडी शहाण्या बैलासारखी थांबली. मीटरवर ओगोलाचे आकडे तसेच होते, त्याच्यापुढेच तिचे मोजले जात होते. ती उगाचच परत वर गेली आणि परत उतरली.

पेरणी जवळ आली तसा ओडुंडो आडून बोलायचा थांबला. पाणवठ्यावर, चार बायकांसमोर त्यानं विचारलं, "वहिनी, या वर्षी तुमच्या शेतात पहिली कुदळ कोण मारणार? रीत आहे. कोट कधी आणू?"

"तुमचा कोट तुमच्या बायकोच्या खुंटीवर बरा दिसतो, भावजी. माझी खुंटी मोडकी आहे."

बायका पदराआड हसल्या नाहीत. उघड हसल्या. ओडुंडोही हसला, पण त्याचे कान हसले नाहीत.

पुढच्या रविवारी अपोंडी चर्चमधून बाहेर आली तर झाडाखाली गाडी नव्हती. कडेला रताळी विकणारी बाई म्हणाली, "तुझा दीर घेऊन गेला की! चावी लावली, बसला, गेला. आम्हाला वाटलं तूच पाठवलंस."

दुसरी चावी. अपोंडी तिथंच उन्हात उभी राहिली. तिला कुणाचाही राग आला नाही आधी. आधी आठवला तो ओगोलाचा आवाज: माझं डोकं मला माहीत आहे. आपलं मात्र आपल्याला माहीत नव्हतं.

ओडुंडोच्या फाटकाशी म्हातारे निवाड्याला बसले. ती बाहेर उभी, गाडी आत, कोंबड्यांच्या मधोमध.

ओबुयानं विचारलं, "कुलूप मोडलं का त्यानं?"

"नाही."

"तारा तोडल्या?"

"नाही. पण गाडी माझी आहे, बाबा. तुम्हीच दिलीत."

"दिली. आणि पुढचं ओडुंडोला दिलं, तेही मीच. त्यानं ते भावाच्या घरात दिलं. तू घरात आहेस, तर गाडी घरात आहे."

"ऐक," ओडुंडो म्हणाला. आता तो 'वहिनी' म्हणत नव्हता, 'तुम्ही' तर नाहीच. "तू कोट घे, उद्या सकाळी गाडी तुझ्या दारात. मी काय मासळी वाहणार आहे? नाही तर ज्याचं त्याला. तुझं मागचं तुला, माझं पुढचं मला."

सगळ्यांना ठाऊक होतं ती काय म्हणेल. पुढच्या चाकाशिवाय मागचं चाक घेऊन कोणती बाई घरी जाते?

"ज्याचं त्याला," अपोंडी म्हणाली.

ओसेवेला बोलावणं गेलं. त्यानं हँडल सोडलं, तारा सोडल्या, चिमटा मानेतून उपसून काढला. ओडुंडोनं हात पुढं केला.

"थांबा," अपोंडी फाटकाबाहेरून म्हणाली. "त्यातला दांडा माझा आहे. माझ्या जुन्या चिमट्याचा. मिस्त्री, सांगा."

ओसेवे म्हणाला, "तिचाच आहे."

"तोही काढा."

"बाई, टी तडकेल. मग कुणाच्याच कामाचं राहणार नाही."

"टी माझी नाही."

ओडुंडो ओरडला, "बाबा, काही बोला!" ओबुया म्हणाला, "ज्याचं त्याला. तूच म्हणालास, सगळ्यांसमोर."

तिसऱ्या घावाला टी तडकली. आवाज फार मोठा नव्हता, वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. ओसेवेनं दांडा पुसून फाटकाबाहेर तिच्या हातात दिला, एवढासा, लाटण्यासारखा.

"तुझा जुना चिमटा असता तर परत बसवला असता," तो पुटपुटला. "पण तो मी गाढवाच्या पाणीगाडीला विकला. मला काय ठाऊक."

"दुसरा मिळेल कधी तरी?"

"मिळेल. कधी, ते विचारू नको."

"मिळाला की कुलूप माझं लावा," अपोंडी म्हणाली, आणि दांडा पदरात गुंडाळून निघाली. मागचा भाग ओसेवेनं हातगाडीवर घालून तिच्या अंगणात आणून टाकला. ओडुंडोचा चिमटा पुन्हा भिंतीला लागला, आणि त्यावर पुन्हा ओढण्या वाळू लागल्या.

सोमवारी ती ओमेना डोक्यावर घेऊन वर गेली, पोतं नव्हे, पोत्याचा चौथा हिस्सा, जेवढी मान पेलेल तेवढी. येताना पिठाची पिशवी डोक्यावर होती. चर्चच्या वळणाला उतार एकदम खाली झुकतो. तिथं आली तशी उजव्या हाताची दोन बोटं आपोआप मिटली. हातात काही नव्हतं. ती तशीच, मूठ मिटलेली ठेवून, पाय घासत खाली उतरली.