तिसरं कडवं

“काय हो बाई, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला दुसरं गाणं मिळालं नाही? आधीच माणूस रडकुंडीला आलेला, त्यात हे!”

“वॉर्ड देते,” ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि लाइन जोडून मोकळ्या झाल्या. असल्या टोमण्यांना उत्तरं देत बसल्या असत्या तर हॉस्पिटलचा फोन केव्हाच बंद पडला असता.

गाणं त्यांनीच लावलं होतं. होल्डवर शांतता असली की लोकांना फोन कट झाला असं वाटतं, तेव्हा काहीतरी वाजू द्या, असं साहेब म्हणाले आणि बाईंनी घरून आपलं आवडतं गाणं आणलं. ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. चार मित्रांनी मिळून एकच अल्बम काढला, तो पडला आणि मित्र निमूटपणे नोकऱ्यांना लागले. चपलांच्या दुकानातल्या सेल्समनचं गाणं. पहिल्या कडव्यात तो दिवसभर लोकांच्या पायाशी बसतो आणि शटर ओढून एकटा घरी जातो. दुसऱ्यात एकटा जेवतो. तिसऱ्यात एक बाई दुकानात येते, चप्पल काही घेत नाही, फक्त म्हणते, तुम्हीच बसा ना जरा स्टुलावर. बस्स, एवढंच प्रेम. चंद्र नाही, तारे नाहीत, गाणाऱ्याचा आवाजही बेताचाच. पण त्या ओळीला ड्रम थांबतो आणि तो माणूस खरोखरच बसल्यासारखा वाटतो. इतकं साधं गाणं करायला अक्कल लागते, आणि असलीच गाणी पडतात.

त्यातून मशीन असं, की प्रत्येक होल्डला गाणं पहिल्यापासून सुरू. पहिलं कडवं संपायच्या आत पलीकडे कुणीतरी फोन उचलायचंच. शटरच्या पुढे आजवर कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे हॉस्पिटलभर त्याचं नाव पडलं होतं, रडकं गाणं.

घरी वहिनीही सोडायची नाही. “ताई, ते गाणं ऐकत बसलात म्हणून तर बिनलग्नाच्या राहिलात!” भाऊ हसायचा, बाईही हसायच्या. हसण्यावारी नेलं नाही तर त्या घरात राहणार कशा?

मग क्रेनवाला आला, म्हणजे त्याचा आवाज आला. तो बंदरावर क्रेन चालवायचा. म्हातारी आई वरच्या वॉर्डात होती, जवळ मोबाइल नाही. दुपारच्या सुट्टीत केबिनमधून खाली उतरून तो रोज फोन करायचा. भेटायला यायचा रविवारी, आणि रविवारी नेमकी बाईंची रजा.

एक दिवस तो म्हणाला, “वॉर्ड देताय ते द्या हो, पण त्या माणसाचं पुढे काय होतं?”

“कुणाचं?”

“चपलावाल्याचं. रोज शटर ओढून निघतो बिचारा. कुणी भेटतं की नाही त्याला?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. “सांगण्यात मजा नाही,” बाई म्हणाल्या. “ऐकायला हवं.”

“मग ऐकवा कधीतरी.”

त्या संध्याकाळी वहिनीनं “आज स्वारी खुशीत दिसतेय” म्हटलं, आणि खुशीत होतीच. बाईंना त्या आवाजाची ओढ लागली होती. या वयात काय हे, असं मनाला कितीही दटावलं तरी ती जात नव्हती. येत्या रविवारी ड्यूटी मागून घ्यायची, म्हणजे तो दिसेल तरी, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, “आईचं ऑपरेशन उद्यावर आलंय. घाबरलीय. जरा बोलतो तिच्याशी.”

बाईंनी होल्ड दाबलं, पण वॉर्डला फोन लावलाच नाही. उद्या या माणसाच्या जिवाला घोर असणार, गाणं ऐकवायचं तर आजच. हेडफोन लावून त्याही ऐकत राहिल्या. शटर झालं, जेवण झालं, ड्रम थांबला. लाइनच्या दोन टोकांना दोघं एकच गाणं ऐकत होते, आणि एवढं सुख बाईंना जन्मात झालं नव्हतं. गाणं संपल्यावर त्यांनी वॉर्ड लावला.

“आत्ता?” सिस्टर म्हणाली. “अहो, थिएटर रिकामं झालं म्हणून आजच घेतलं त्यांना. मुलाचा फोन येईल, येईल म्हणत होत्या, म्हणून स्ट्रेचर दारात थांबवून ठेवला होता आम्ही. किती थांबणार?”

बाईंनी सिस्टरचा फोन ठेवला. त्या लाइनवर परत आल्या. “वॉर्डचा फोन लागत नव्हता,” त्या म्हणाल्या. “आईंना ऑपरेशनला नेलंय.”

“हो का,” तो म्हणाला. “तुम्ही तरी काय करणार.”

आई टेबलावरच गेली.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. कागदपत्रांसाठी ऑफिस हवं होतं, पण तो घाईत नव्हता. “बाई, त्या दिवशी गाणं पूर्ण ऐकलं. भेटली हो त्याला कुणीतरी.”

“हो.”

“आईला सांगायचो मी तुमच्याबद्दल. म्हणायची, नुसता फोनवर काय बोलतोस, जाऊन भेट की. उद्या कागद न्यायला येतोय. सुट्टी झाल्यावर चहाला बसू या का कुठेतरी?”

‘बसू’ एवढं म्हटलं की झालं होतं. कधी कुणाला कळलं नसतं. पण त्याच्यासमोर बसायचं, त्यानं आईच्या आठवणी काढायच्या आणि आपण मान हलवायची, हे बाईंच्यानं होणार नव्हतं.

“वॉर्डचा फोन लागत होता,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मी लावलाच नाही. तुम्हाला गाणं ऐकवायचं होतं. आई स्ट्रेचरवर तुमच्या फोनसाठी थांबल्या होत्या.”

पलीकडे कुठेतरी साखळदंड घासल्याचा आवाज येत राहिला. बाई शिव्यांची वाट बघत होत्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ऑफिस द्या,” तो म्हणाला.

“देते.”

ऑफिसनं लगेच उचललं. पुढची लाइन वाजत होती. पेशंटला भेटायची वेळ काय, असं कुणीतरी विचारत होतं. बाईंनी वेळ सांगितली. पलीकडच्याला नीट ऐकू आलं नाही, तेव्हा त्यांनी घसा साफ करून पुन्हा सांगितली.