भिंगरीचं हेल्मेट

"हेल्मेटवर चेंडू जोरात बसला, की नवीन घ्यायचं. आणि डोक्यालाही सुट्टी द्यायची," दुकानदाराने मला खोक्यातून काढताना बजावलं होतं. "काका, आधी चेंडू बसू तर द्या," असं म्हणत एका मुलीने मला डोक्यावर चढवलं आणि आरशासमोर हवेतच बॅट फिरवली.

मित्रांनो, तेच मी, एक जुनं, रंग उडालेलं हेल्मेट.

कारखान्यात साच्यातून माझं कवच निघालं, आत मऊ गादी बसली, पुढे जाळी आली. पण माझं आयुष्य सुरू झालं ते त्या मुलीच्या डोक्यावर. धावा काढताना गरगर पळायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. देशाकडून ती पहिल्यांदा उतरली तेव्हा मैदान नुसतं दणाणत होतं, आणि मला मात्र तिची कुजबुज ऐकू येत होती, "चेंडू बघ. फक्त चेंडू बघ." पहिलाच चेंडू सीमापार! काय सांगू, माझी जाळीसुद्धा शहारली. मग देशोदेशीची मैदानं, शतकं, टाळ्या. शतक झालं की ती मला काढून उंच धरायची. प्रत्येक फोटोत मी आहेच.

मग आली विश्वचषकाची अंतिम लढत. शेवटचं षटक, आठ धावा हव्यात. चेंडू उसळला आणि खाडकन तिच्या कानाच्या वर, माझ्यावर आदळला. पंच धावत आल्या. काही नाही झालं, भिंगरी म्हणाली. कर्णधारानेही मान डोलावली. तिच्या जागी खेळायला दुसरं होतंच कोण? भिंगरीने दोन चौके ठोकले आणि चषक आमचा! मुली तिच्यावर अक्षरशः तुटून पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला विचारलं, "आई, काल कोण जिंकलं गं?"

आईच्या हातातला कप तसाच राहिला.

ते दोन चौके तिला कधीच आठवले नाहीत. उजेड सोसवेना, चक्कर थांबेना. परत खेळून पाहिलं, पण जमलं नाही. मलाही आतून तडा गेला होता, बाहेरून कुणाला दिसला नाही. मी माळ्यावर गेलो. जाळीत कोळ्याने संसार थाटला.

काही वर्षांनी तिने मला खाली काढून पुसलं. आता ती देशाच्या संघाची प्रशिक्षक झाली होती, मुलींची ताई. मैदानाकडेच्या बाकावर मी उलटा पडलेला असे. माझ्यात शिट्टी, चिकटपट्टी, कुणाची तरी केसांची पिन. शतकं पाहिलेला मी, झालो डबा!

पण बाकावरून सामना काय दिसतो म्हणून सांगू! उपांत्य फेरी होती. संघातली सगळ्यात छोटी, पिटुकली, एकटी किल्ला लढवत होती. डावीकडे झकास चौका मारला, आणि पुढचाच चेंडू तिच्या हेल्मेटवर बसला. ताई डॉक्टरांना घेऊन धावल्या. पिटुकली म्हणे, मी एकदम ठीक आहे. ताईंनी विचारलं, आधीचा चौका कुठे गेला? पिटुकलीने इकडेतिकडे पाहिलं आणि उगाच उजवीकडे हात केला.

"चल, बाहेर," ताई म्हणाल्या.

लोक ओरडू लागले. सीमारेषेपर्यंत पिटुकली भांडत आली. "तुम्ही नाही का खेळलात तशाच? जिंकलात ना?"

"जिंकले, असं सगळे म्हणतात. मला नाही आठवत गं."

पिटुकलीने बॅट खाली ठेवली. डॉक्टरांनी तिला माझ्याशेजारी बसवलं. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. बदली मुलीने जीव खाऊन मारलं, आणि चेंडू दोरीच्या वीतभर अलीकडे अडला. हरलो! ताईंना महिनाभर बोलणी खावी लागली.

पिटुकली आता बरी होऊन पुन्हा खेळते. तो पराभव ती चेंडू न् चेंडू रंगवून सांगते आणि दर वेळी नव्याने चिडते. ताई गालावर हात ठेवून ऐकत बसतात.

मित्रांनो, आज खेळताना, जिन्यात, सायकलवरून कुणाचं तरी डोकं आपटलं असेल. झटकन उठून, कपडे झटकून ते पोर हसलंही असेल. तुमचा भाऊ असेल, बाकावरची मैत्रीण असेल. घरातल्या मोठ्यांना सांगा. पण त्याआधी, ते पोर आत्ता काय करतंय, पुन्हा खेळायला तर नाही ना गेलं, एवढं जाऊन बघून या.