गार पाण्यातला अंगठा

पंच माणिकप्पाच्या खळ्यावर सकाळपासून अख्खं मंठाळ गाव लोटलं होतं. ऊन असं, की जमिनीवर अनवाणी पाय ठरत नव्हता. तरी कुणी हलायला तयार नव्हतं. मधोमध वाघाच्या कातड्यासारखी छापील चादर अंथरून मांत्रिक कवडीबाबा बसले होते. पुढ्यात धुपाचा इतका धूर, की जवळच्या बायकांचे डोळे चुरचुरत होते. गावात भानामती कुणी केली, ते आज ठरणार होतं. काही पुरुषांच्या हातात चिंचेच्या ओल्या फोका होत्या. त्या कशाला, हे कुणी विचारत नव्हतं.

भानामती म्हणजे काय, तर गावातल्या पोरींची नखं हिरवी पडली होती. सुरुवात आमच्याच घरात झाली. आम्ही लिंगायत; आमच्याकडे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. माझी भाची चैत्रा पूजेला बसली आणि माझ्या आईची, चन्नव्वाची, नजर लिंगावरून तिच्या बोटांवर गेली. गावातल्या एका लग्नासाठी चिकटवलेलं खोटं नख गळून पडलं होतं आणि खालचं खरं नख शेवाळासारखं हिरवं झालं होतं.

"लिंग धरलेल्या हाताला कुणी डाग लावला गं?" आई, म्हणजे आमची अव्वा, किंचाळली.

संध्याकाळपर्यंत घरोघरी पोरींचे हात तपासले गेले. आणखी कितीतरी जणींची नखं तशीच निघाली. खोट्या नखांची पाकिटं सगळ्यांनी एकीकडूनच घेतली होती: टोपलीतून बांगड्या-टिकल्या विकत दारोदार फिरणाऱ्या सुमनबाईकडून. झालं, गावाला चेटकीण सापडली.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. नखांचा फोटो बसवकल्याणच्या डॉ. अरुणकुमारांना पाठवला, त्यांनी कारण सांगितलं, मी ते अव्वाला सांगितलं. "डागदरला भानामती कळती व्हय?" असं म्हणून तिनं कवडीबाबांना निरोप धाडला. गावभर विज्ञान शिकवून मी घरच्याच उंबऱ्यात हरले, याचा मला भयंकर राग आला होता.

"हे हिमालयातल्या काळ्या नागाच्या मण्याचं तेल!" बाबांनी चिमुकली बाटली उंचावली. "पुण्यवंताच्या नखावर गुलाबी, पाप्याच्या नखावर काळं! तीर्थात बोट बुडवताना जी तोंड उघडंल, तिचा वंश बुडंल!"

हिमालयातल्या नागानं आपल्या तेलाला प्लास्टिकचं टोपण आणि आत इवलासा ब्रशही दिला होता, पण तेवढं बघायला सवड कुणाला?

पहिली अव्वा बसली. अंगठ्याच्या नखावर तेल लावलं, ते वाळेपर्यंत मंत्र झाले, मग चेल्यानं उन्हात ठेवलेल्या बादलीतलं पाणी पितळी घंगाळात ओतलं. अंगठा गुलाबी. मग शेजारची भागम्मा. गुलाबी. मग सुमनबाईला दंड धरून पुढं आणलं.

"म्या पोटासाठी बांगड्या इकते, अप्पा," ती माणिकप्पाला म्हणत होती. "माझी रूपालीबी तीच नखं लावती. तिचीबी हिरवी झाली की. सोताच्या लेकरावर कोण करतंय का?"

"चेटकीण लेकरालाबी सोडत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

तिच्याही नखावर तेल लावून झालं, तसं चेल्यानं घंगाळ उपडं केलं आणि या वेळी पाणी मडक्यातून ओतलं. सुमनबाईचा अंगठा आत गेला. बाहेर आला तेव्हा नख काळंकुट्ट होतं.

फोका घेतलेले पुरुष उठून उभे राहिले. "थांबा!" मी ओरडले, पण बायकांनी मला मागं ओढलं. चैत्रानं माझा हात धरला.

"आत्या, त्या धुरातबी मला नेलपॉलिशचा वास यायलाय."

आणि ती गर्दी फोडून आत घुसली.

"मावशी, पाणी कसं होतं?"

"मौन!" बाबा गरजले.

"बर्फावानी गार," सुमनबाई रडत म्हणाली.

"अज्जी, तुझं?"

अव्वा घुटमळली. "माझं? माझं ऊन होतं."

चैत्रानं सुमनबाईचा अंगठा उन्हात तापलेल्या बादलीत बुडवला. काळं नख सगळ्यांदेखत गुलाबी झालं. मग तिनं आपल्या आजीचा हात धरला आणि तिचा तेल लावलेला अंगठा मडक्यात घातला. मडक्यात बर्फाचे खडे तरंगत होते. अव्वानं हात वर काढला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. नख काळं झालं होतं.

"शिरली!" बाबा ताडकन उठले. "भानामती या पोरीत शिरली! धरा तिला!"

दोन फोका खरंच चैत्राकडे वळल्या. तेवढ्यात अव्वा नातीच्या पुढं येऊन उभी राहिली आणि तिनं काळा अंगठा वर धरला.

"कामून थांबलाव? माझंबी नख काळं हाय. आधी मला मारा."

चन्नव्वाला कोण मारणार? निम्म्या गावाची बाळंतपणं तिनं केलेली. माणिकप्पानं सगळ्यात आधी फोक टाकली. माणसं खाली बघू लागली, तोवर बाबा चेल्याच्या मोटारसायकलवर बसले होते.

"गार-गरम पाण्यानं रंग बदलणारी नेलपॉलिश हाय ती," चैत्रा सांगू लागली. "माझ्याकडंबी हाय. आन् नखं सुमनमावशीनं न्हाई, मीच चिकटवली समद्यांची. फोनवर बघून. खरं नख कानशीनं घासघासून पातळ केलं. चिकटवलेली नखं सुटायला लागली, तर जत्रा जवळ आली म्हणून वरूनच पुन्हा गोंद भरला."

पुढचं मी सांगितलं, कारण आता ऐकणारे कान होते. त्या फटीत भांडी-धुण्याचं पाणी अडकतं, ओलीत जंतू वाढतात आणि त्यांचाच तो हिरवा रंग. खोटं नख ओढून न काढता सोडवायचं, खालचं नख बारीक कापायचं, कोरडं ठेवायचं, घासायचं नाही आणि डॉक्टर देतील ते औषध लावायचं. नवं नख यायला काही महिने लागतात. नखं जरूर रंगवावीत, पण मधून मधून त्यांना उघडं ठेवावं आणि दुखरं नख झाकू नये.

सुमनबाईनं टोपली उचलली. "सुमन, घरला चल, च्या पिऊन जा," अव्वा म्हणाली. सुमनबाई मागं न बघता चालू लागली. आता ती पलीकडच्या मुडबी गावाकडे बांगड्या विकते. आमच्या गल्लीत पाऊल टाकत नाही. चैत्राची नखं निम्मी पांढरी निघाली आहेत. रोज डाव्या हातावर लिंग घेताना अव्वा तिच्या नव्हे, स्वतःच्या अंगठ्याकडे बघते.

कवडीबाबा आता निर्णा गावात ठाण मांडून बसलेत असं ऐकते. तेही काही अंतर्ज्ञानी नाहीत. सुमनबाईचं नाव आमच्याच माणसांनी त्यांच्या कानात आधी सांगितलं होतं. त्यांनी फक्त गार पाणी आणलं. म्हणून हात जोडून सांगते, उद्या तुमच्या गावात कुणाचा अंगठा काळा निघाला, तर फोक उचलण्याआधी तेच तेल लावून त्याच पाण्यात आपल्या आईचा अंगठा बुडवून बघा.